फुल रेसला मान टाकणारं इंजिन

नवरात्राच्या आसपास पाऊस ओसरला की कोकणात बेणणी सुरू होते. आंब्या-काजूच्या बागांत कमरेएवढं वाढलेलं रान आता कोयत्यापेक्षा ग्रास कटरनं जास्त काढलं जातं. त्याच सुमाराला तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानांपुढं ही यंत्रं ओळीनं टेकवलेली दिसतात. तक्रारी मोजक्याच असतात. एक, चालूच होत नाही. दुसरी, चालू होतं आणि लगेच बंद पडतं. तिसरी या प्रकरणाची: दोरी ओढली की सुरू होतं, स्लोला वाटेल तितका वेळ चालतं, अर्ध्या रेसलाही कुरकुरत नाही, पण गवतात घालून रेस पूर्ण दाबली की मान टाकतं.

या तिसऱ्या तक्रारीवर बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं, 'कार्बोरेटर खोलावा लागेल.' कधी ते बरोबरही निघतं. पण कार्बोरेटर हा या तपासातला पहिला मुक्काम नव्हे, आणि त्यावरचे स्क्रू तर सगळ्यात शेवटचा. स्लोला नीट चालणारं इंजिन आपल्याला बरंच काही आधीच सांगून टाकत असतं. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन आहे, प्लगला ठिणगी येते आहे, ती वेळेवर येते आहे. मुख्य शंका उरते ती ही की दर सेकंदाला जितकं पेट्रोल आणि हवा आत यायला हवी तितकी येते का, आणि जितका धूर बाहेर पडायला हवा तितका पडतो का.

हे 'जितकं' म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. फुल रेसला इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेरे घेतं असं धरू. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला १२५ स्फोट. तासाला पाऊण लिटर पेट्रोल लागतं असं धरलं, तर एका स्फोटाच्या वाट्याला थेंबाचा साधारण तिसावा भाग येतो. थेंबाचे तीस भाग करून ते एकामागून एक पाव सेकंदाच्या आत पोचवायचं काम कार्बोरेटरकडे असतं. स्लोला ही गरज इतकी घटते की अर्धी बुजलेली जाळी, कडक झालेली नळी, थकलेला डायफ्रॅम सगळं खपून जातं. फुल रेसला यातलं काहीच खपत नाही.

टू-स्ट्रोकची ही रचना इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे या इंजिनिअरची. त्याआधी ड्युगल्ड क्लार्कनं टू-स्ट्रोक इंजिन केलं होतं, पण त्यात ताजं मिश्रण सिलिंडरात ढकलायला वेगळा पंप लागे. डेनं १८९१ मध्ये पेटंट घेतलं त्यात तो पंपच काढून टाकला आणि पिस्टनच्या खालच्या बाजूला, क्रँककेसलाच, ते काम दिलं. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होऊन मिश्रण आत ओढलं जातं, खाली येताना ते दाबलं जाऊन बाजूच्या वाटेनं सिलिंडरात चढतं. वाल्व्ह नाहीत, कॅम नाही, तेलाची टाकी नाही. पाच-सहा किलोचं यंत्र खांद्याला अडकवून माणूस दिवसभर उतारावर फिरू शकतो तो या काटकसरीमुळं. पण या काटकसरीची किंमतही आहे. क्रँककेस हवाबंद राहिली तरच इंजिन चालतं, आणि बेअरिंग-पिस्टनला तेल मिळतं ते फक्त पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं. त्यामुळं फुल रेसला बंद पडणाऱ्या इंजिनाला चोक लावून रेटत राहणं हा उपाय महागात पडतो.

तपास कानापासून सुरू करावा. इंजिन बंद पडतं, पण कसं? बटण दाबल्यासारखं एका क्षणात गप्प झालं तर संशय ठिणगीवर. आवाज क्षणभर उंच, कोरडा, चिरका होऊन मग हवा गेल्यासारखा विरला तर पेट्रोल पुरत नाही. मुळात वेग चढतच नाही, दबलेली भर्र भर्र होते आणि धूर जास्त येतो, तर पेट्रोल जास्त होतंय किंवा धुराची वाट अडली आहे. चांगले जुने मेकॅनिक यंत्र हातात न घेता निदान करतात तेव्हा हेच ऐकत असतात. लूना, चेतक, राजदूत, आरएक्स १०० या गाड्यांवर ज्यांचा कान तयार झाला त्यांना ग्रास कटर अवघड वाटत नाही, कारण इंजिनाची जात तीच.

कानावर भरवसा नसेल तर चोक आहे. यंत्र पट्ट्यात नीट अडकवून, आसपास कुणी नाही हे पाहून फुल रेस द्यावी, आणि मान टाकायला लागताच चोक अर्धा ओढावा. इंजिन सावरलं, तर ते पेट्रोलच्या भुकेनं मरत होतं. चोकनं हवा कमी केली आणि त्या प्रमाणात पेट्रोल पुरेसं झालं. चोक ओढताच आणखी लवकर बंद पडलं, तर भूक हे कारण नव्हे. या एका चाचणीनं संशयितांची यादी निम्मी होते. जोडीला प्लग पाहावा, पण त्यासाठी फुल रेसला असतानाच स्विच बंद करून लगेच प्लग काढायचा. स्लोला दोन मिनिटं चालवून मग काढलेला प्लग स्लोची कहाणी सांगतो. टोक चहाच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरं, भाजल्यासारखं असेल तर पेट्रोल कमी. काळं आणि ओलं असेल तर जास्त.

चोकनं इंजिन सावरलं असं समजू, कारण बहुतेकदा तसंच होतं. आता टाकीपासून निघायचं. वाट सरळ आहे, पण प्रत्येक वळणावर काहीतरी अडू शकतं. टाकीत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर लोंबत असतो. तो वजनदार ठेवलेला असतो, यंत्र कसंही कललं तरी पेट्रोलच्या तळाशी जावा म्हणून. नळी जुनी होऊन ताठ झाली की फिल्टर तळाशी जातच नाही, अर्ध्या टाकीनंतर हवा ओढतो. मालक म्हणतो, टाकी भरलेली असली की चालतं, निम्मी झाली की त्रास देतं. तारेचा आकडा करून फिल्टर बाहेर ओढावा. तो काळवंडला असेल तर धूत बसू नये, बदलावा, त्याची किंमत नगण्य असते.

टाकीला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्र असतं, कधी झाकणात, कधी वेगळ्या नळीत. ते मातीनं किंवा तेलाच्या चिकट्यानं बुजलं की पेट्रोल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ लागते. याची खूण ठरलेली आहे. यंत्र काही मिनिटं झकास चालतं, मग दम तोडतं, थोडं थांबलं की पुन्हा चालतं. बंद पडल्यावर, इंजिन निवू देऊन, झाकण सैल केलं आणि सूं करून हवा आत गेली की निदान झालं.

प्रायमरचा पारदर्शक फुगाही बरंच सांगतो. दाबल्यावर तो पिचकलेलाच राहिला तर टाकीकडून येणारी वाट बंद आहे. कितीही दाबला तरी बुडबुडे संपत नसतील तर नळीला कुठंतरी चीर आहे, बहुधा टाकीतून बाहेर पडते त्या जागी. तिथं ती रबराच्या गुंडीत घट्ट बसलेली असते आणि चीर वरून दिसत नाही. अर्धा मिलिमीटरची चीर पेट्रोल गळू देणार नाही, पण हवा आत येऊ देईल.

एवढं सगळं ठीक निघालं, तर मग कार्बोरेटर. स्कूटरच्या कार्बोरेटरात पेट्रोलची छोटी वाटी आणि तीत तरंगणारा फ्लोट असतो. ग्रास कटर आडवा, तिरपा, कधी जवळजवळ उलटा धरला जातो. तिथं फ्लोट काय करणार? म्हणून इथं रबरासारखे पातळ पडदे, डायफ्रॅम, दोन ठिकाणी बसवलेले असतात. एक पंपाचा. क्रँककेसमधला दाब प्रत्येक फेऱ्याला वरखाली होतो, तो एका बारीक छिद्रातून कार्बोरेटरपर्यंत आणलेला असतो आणि त्या ठोक्यांवर हा पडदा थरथरून पेट्रोल ओढतो. म्हणजे इंजिन स्वतःच्याच श्वासावर स्वतःचा पंप चालवतं. दुसरा पडदा मापाचा. त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. इंजिननं पेट्रोल ओढलं की पडदा आत झुकतो, छोटा आर्म दाबतो, सुई उघडते, नवं पेट्रोल येतं.

हे पडदे मऊ असतात तोवर सगळं सुरळीत. ते ताठरले की स्लोला लागेल तेवढं झुकतात, फुल रेसला लागेल तेवढं झुकत नाहीत. हातात धरून हलवल्यावर नव्या पडद्याचा आवाज येत नाही, ताठरलेला कडकड वाजतो. ज्या यंत्रानं तीन-चार हंगाम काढले आहेत आणि ज्याच्या पोटात पावसाळाभर पेट्रोल पडून होतं, त्यात मी सगळ्यात आधी यावरच बोट ठेवीन. डायफ्रॅम, पॅकिंग आणि सुईचा किट मिळतो, पूर्ण कार्बोरेटर घ्यायची गरज क्वचितच पडते. मात्र बाजारातल्या चिनी यंत्रांचा पूर्ण कार्बोरेटरच कधी किटच्या जवळपास किमतीला मिळतो, तेव्हा हट्ट करू नये. खोलताना आतली मुंगीच्या डोळ्याएवढ्या छिद्रांची जाळी पाहायची राहू नये. टाकीतला फिल्टर चुकवून आलेला गाळ तिथं येऊन बसतो.

एक गोष्ट मेकॅनिककडून नुकत्याच आलेल्या यंत्रासाठी. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये जाड ठोकळा आणि पातळ पॅकिंग असतं. पंपाला ठोके देणारं ते बारीक छिद्र याच पॅकिंगमधून जातं. पॅकिंग उलटं बसलं तर छिद्र झाकलं जातं. पंप दुबळा होतो, आणि सर्व्हिसिंगच्या आधी बरं असलेलं यंत्र सर्व्हिसिंगनंतर फुल रेसला बसतं. भांडण्याआधी दोन बोल्ट काढून एवढं बघावं.

आता पेट्रोल. भारतात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं गेलं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून ई२० पंपांवर यायला लागलं. हातयंत्रांच्या अनेक पुस्तिकांत मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली असते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून ते जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा, तर ई२० ला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरच्या स्क्रूला हे ठाऊक नसतं. तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडत राहतो आणि मिश्रण थोडं हलकं पडतं. स्लोला कळत नाही, फुल रेसला कळतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जून ते सप्टेंबर कोकणातल्या हवेत पाण्याला काय तोटा? पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन खाली बसतं, वर उरतं ते वेगळंच पेट्रोल. फिल्टर तर तळाशीच असतो. बेणणीला काढलेलं यंत्र मागच्या हंगामाच्या पेट्रोलवर चालवून बघू नये. ते काचेच्या बाटलीत ओतावं, दोन थर दिसले तर फुल रेसच्या दुखण्याचं उत्तर बाटलीतच आहे.

ऑइलबद्दल एक समज पक्का आहे: जरा जास्त घातलं की इंजिन सुखात राहतं. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. ज्या यंत्राला २० सांगितलंय त्यात ४० घातलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी झालं, म्हणजे इंजिन थोडं भुकेलंच राहिलं. वर सायलेन्सरमध्ये कार्बन धरला तो वेगळाच. किनाऱ्याच्या गावांत आणखी एक घोटाळा होतो. होडीच्या आउटबोर्डचं ऑइल घरात असतं, तेच ओततात. ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनांसाठी केलेलं असतं. हवेवर थंड होणारा, जास्त तापणारा ग्रास कटर त्यावर नांदत नाही. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं असावं.

चोक ओढल्यावर इंजिन आणखी लवकर मेलं असेल तर वाट उलट दिशेला जाते. एअर फिल्टरचा स्पंज पाहावा, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या कुसळांनी तो दोन दिवसांत भरतो. तो स्वच्छ असेल तर सायलेन्सर. अनेक यंत्रांत सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी असते, वाळल्या रानात आग लागू नये म्हणून. ऑइलच्या काजळीनं ती बुजते आणि धूर बाहेर पडत नाही. धूर सिलिंडरात राहिला की नव्या मिश्रणाला जागा कुठली? ही जाळी काढून तारेच्या ब्रशनं घासली की काही यंत्रं पुन्हा नव्यासारखी ओरडतात. पाच मिनिटांचं काम, पण कार्बोरेटर तीनदा खोलून झाल्यावर कुणाला तरी आठवतं. सायलेन्सर काढलाच आहे तर सिलिंडरचं धुराचं भोकही बघावं. त्याच्या काठावर कार्बनची साय धरलेली असेल तर पिस्टन वर नेऊन भोक झाकून घ्यावं आणि लाकडाच्या काडीनं खरवडावं. स्क्रूड्रायव्हर लावू नये.

एका क्षणात गप्प होणारं इंजिन हा वेगळा वर्ग. कॉइल थंड असताना ठीक, तापली की आतली बारीक तार सुटते. पंधरा-वीस मिनिटांनी बंद, अर्ध्या तासानं पुन्हा चालू. हे टाकीच्या छिद्राच्या दुखण्यासारखंच वाटतं, म्हणून बंद पडताच प्लग काढून ठिणगी पाहणं हाच फरक ओळखायचा मार्ग. प्लग बाजूला घेताना सांडलेलं पेट्रोल पुसून घ्यावं. कॉइलआधी मात्र स्विचची तार तपासावी. हँडलच्या दांड्यावर घासून तिचं आवरण गेलेलं असतं, फुल रेसच्या थरथरीत ती धातूला टेकते आणि इंजिनला वाटतं मालकानंच बंद केलं.

काही वेळा तर इंजिनात दोषच नसतो. गवत कापणारा फिरता नायलॉन दोरा १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसनं आणला, गाड्या धुणारे फिरते ब्रश पाहून. पहिला नमुना त्यानं पत्र्याच्या डब्याला मासेमारीचा दोरा लावून केला होता. या दोऱ्याची लांबी इंजिनच्या ताकदीला बांधलेली असते, आणि ती राखणारं छोटं पातं गार्डमध्ये असतं. आपल्याकडं गार्ड पहिल्याच आठवड्यात काढून पडवीत टाकला जातो. मग दोरा वीतभर जास्त लांब सुटतो, हवेचाच अडथळा इतका वाढतो की इंजिन वेग धरू शकत नाही. उलट, रिकामं यंत्र फुल रेसला अडखळल्यासारखं वाजत असेल तर तेही दुखणं असेलच असं नाही. मिश्रण किंचित जड ठेवलेलं टू-स्ट्रोक भार नसताना एक फेरा चुकवून पेटतं आणि गवतात घातलं की आवाज गुळगुळीत होतो. तशी मांडणी मुद्दाम केलेली असते. ती बिघडवण्यासाठी स्क्रूड्रायव्हर उचलू नये.

स्क्रू खरोखरच फिरवायचे असतील तर 'एल' स्लोसाठी, 'एच' फुल रेससाठी. एच उलटा फिरवला की पेट्रोल वाढतं. बऱ्याच कार्बोरेटरांत तो हलकेच टेकवून मग एक ते दीड आटा मागे आणला की सुरुवातीची जागा मिळते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. एच आवळत गेलं की वेग वाढत जातो आणि कानाला बरं वाटतं. त्याच ठिकाणी पिस्टन भाजायला सुरुवात होते. सर्वांत वरच्या वेगापासून थोडं मागे, आवाजाला किंचित खर येईल तिथं थांबावं. आणि एच अडीच आटे उघडल्याशिवाय इंजिन चालतच नसेल, तर स्क्रूचा दोष नव्हे, हवा कुठून तरी शिरते आहे.

ही हवा सगळ्यात वाईट. कार्बोरेटरचे बोल्ट थरथरीनं सैल होतात, ते आवळून भागलं तर नशीब. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील झिजली असतील तर क्रँककेस हवाबंद राहत नाही. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, थोडा वेळ उंचच रेंगाळतं. खात्री करायची तर कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड रबरी तुकड्यांनी बंद करून आत हातपंपानं अर्धा बार हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा येईल तिथं गळती.

ही चाचणी होण्याआधीच यंत्र हंगामभर तसंच चालवलं गेलं असेल, तर सायलेन्सर काढून धुराच्या भोकातून पिस्टन बघावा. तो सगळीकडं राखाडी, गुळगुळीत असेल तर वाचला. उभे ओरखडे असतील आणि रिंग अॅल्युमिनियमनं लिंपली गेली असेल, तर ब्लॉक-पिस्टनचा संच आला. पन्नास सीसीच्या आसपासच्या चालू मॉडेलांचा तो सहज मिळतो आणि दुकानदार त्याच दिवशी बसवूनही देतो. जुनी सील तशीच ठेवून बसवला, तर नवा पिस्टनही त्याच गळतीवर चालतो.